नुकसान कोणी सोसायचे?

रमजानचे विसावे की एकविसावे रोजे असेल. तरावीहची नमाज उरकून मी घरी येऊन चहा घेत होतो, तेवढ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. बारावी झाली, वडील अंथरुणाला खिळले आणि ती शहरातल्या एका मोठ्या साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली. सकाळी दहा ते रात्री नऊ. पगार नऊ हजार.

बाईंनी पदर सावरत थेट विषयालाच हात घातला. "सर, चोरी हिनं केली नाही. मालक पण म्हणतोय, हिनं केली नाही म्हणून. मग पैसे हिच्याच पगारातनं कसे काय कापतोय ओ?"

घडले होते ते असे. लग्नसराई आणि ईद एकत्र आलेली. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. चार बायका आणि एक लहान मूल आत आले. लग्नाच्या साड्या दाखवा म्हणाल्या. पंचवीस-तीस साड्या गादीवर उलगडल्या गेल्या. एकीने पाणी मागितले, मूल रडायला लागले, दुसरीने वरच्या फळीवरचा रंग दाखवा म्हणून बोट केले. मुलगी वळली, तेवढ्यात काम झाले. 'पुन्हा येतो' म्हणून बायका निघून गेल्या. घड्या घालताना दोन रेशमी साड्या कमी भरल्या. कॅमेऱ्यात सगळे दिसत होते, मुलीचे वळणेसुद्धा. दोन साड्यांचे सात हजार दोनशे रुपये त्या काउंटरवरच्या तीन मुलींत वाटून टाकण्यात आले. प्रत्येकीच्या वाट्याला दोन हजार चारशे, दोन हप्त्यांत.

जाता जाता बाईंनी आणखी एक प्रश्न टाकला. "ते कापलेलं पैसं मालकाला हलाल हाईत का सर?"

मी मौलवी नाही. मराठी शिकवणारा एक निवृत्त मास्तर आहे. 'विचारून सांगतो' म्हणालो. पण त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या मागे लागला तो लागलाच. जे वाचले, ज्यांना विचारले आणि मला स्वतःला जे वाटले, ते इथे मांडतो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट साफ करतो. त्या चार बायकांबद्दल मला कणव नाही. आपल्या लिखाणात चोराची बाजू मांडण्याची एक पद्धत पडून गेली आहे. भूक, गरिबी, व्यवस्था असे शब्द आले की चोरी हा जणू बंडाचाच प्रकार होऊन बसतो. भुकेल्याने उचललेली पावाची लादी आणि ठरवून, कामे वाटून घेऊन, गर्दीचा दिवस निवडून केलेली चोरी या एका जातीच्या गोष्टी नव्हेत. जो दुकानातून बाळाच्या दुधाच्या पावडरीचे वीस डबे उचलतो त्याच्या घरी वीस बाळे नसतात. तो माल पुढे जातो. कुणीतरी तो निम्म्या किमतीत घेतो, कुणीतरी सावकाश विकतो. उचलणारे, बाहेर गाडी घेऊन थांबणारे, माल ठेवून घेणारे आणि खपवणारे अशी ती साखळी असते. सीलबंद तूप, केसांचे तेल, दाढीची पाती, सौंदर्यप्रसाधने, रेशमी साड्या, मोबाइल. आकाराने लहान, किमतीने जड आणि ओळख न राहणारा माल असला की या साखळीला बरे पडते. हा धंदाच आहे. फरक इतकाच, की यात भांडवल दुसऱ्याचे असते.

आपल्या कायद्यालाही आता हा फरक कळला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ११२व्या कलमात 'किरकोळ संघटित गुन्हा' असा नवाच प्रकार घातला आहे. टोळीचा सभासद म्हणून चोरी केली तर किमान एक वर्ष आणि कमाल सात वर्षे कैद. त्यात दुकानातून माल उचलण्याचा उल्लेख वेगळा केलेला आहे. त्याच संहितेचे ३०३वे कलम मात्र दुसऱ्या माणसाकडे पाहते. पहिल्यांदाच दोषी ठरलेला असेल, चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. एकाच कायद्याने दोन चोर ओळखले, हे मला न्यायाचे वाटते. प्रत्यक्षात कोणाला कोणते कलम लागते हे पोलीस ठाण्याच्या उंबऱ्यावर ठरते, हा अनुभवाचा भाग. असो.

पण बाईंचा प्रश्न चोराबद्दल नव्हताच. चोर गेला, साड्या गेल्या. आता मागे राहिलेला खड्डा कोणी भरायचा, एवढेच त्या विचारत होत्या.

हा प्रश्न आपल्या फिकहच्या ग्रंथांना नवीन नाही. इमाम अबू हनीफा स्वतः कूफा शहरात रेशमी कापडाचा व्यापार करत होते, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊकही नसते. म्हणजे साड्यांचा प्रश्न तसा त्यांच्याच गादीवरचा! गिऱ्हाईक, गुमास्ता, तागा आणि तोटा ही माणसे आणि या वस्तू फुकहांच्या रोजच्या पाहण्यातल्या होत्या. त्यांनी एक भेद केला आहे. ज्याच्या हातात माल विश्वासाने सोपवलेला असतो तो अमीन. त्याचा हात 'यद-ए-अमानत', अमानतीचा हात. अशा माणसाकडून माल नाहीसा झाला, आणि त्यात त्याची लबाडी नसेल, हयगय नसेल, तर भरपाई त्याच्याकडून घेता येत नाही. एका मालकाकडे पगारावर राबणारा नोकर याच वर्गात धरला जातो. धोबी, शिंपी, रंगारी यांच्याबद्दल मतभेद आहेत, कारण ते अनेकांचे काम घेतात आणि माल त्यांच्या घरी असतो. दुकानातल्या नोकराबद्दल फारसा वाद नाही.

याच्याच जोडीला एक तत्त्व हदीसमधून आलेले आहे, 'अल्-खराज बिद्-दमान'. साध्या मराठीत सांगायचे तर ज्याच्या गल्ल्यात नफा पडतो, तोट्याची जोखीमही त्याचीच. साडी सात हजारांऐवजी आठ हजारांना गेली तर वरचे हजार रुपये त्या मुलीच्या हातात पडत नाहीत. दिवाळीत दुकानाची उलाढाल दुप्पट झाली तरी तिचे नऊ हजार नऊच राहतात. नफ्यात ती नोकर आणि तोट्यात मात्र भागीदार, ही कसली भागीदारी? मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण प्रत्येक जलशात ऐकतो आणि माना डोलावतो. घाम वाळल्यावर दिली आणि त्यातूनही चोराचा हिस्सा कापून दिली, तर तिला काय म्हणायचे?

देशाचा कायदाही यापासून फार लांब नाही. वेतन प्रदान कायदा १९३६ सालचा. माल कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला असेल आणि नुकसान थेट त्याच्याच हयगयीने किंवा चुकीने झाले असेल, तरच पगारातून कपात करता येते, असे त्यात होते. कापण्याआधी त्या कामगाराला आपले म्हणणे मांडू द्यायला हवे, आणि कपात झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. २०१९च्या वेतन संहितेनेही हा आशय राखला आहे. आमच्या मुलीला कुणी काही विचारले नव्हते. महिन्याच्या सात तारखेला पाकीट हातात पडले तेव्हा तिला कळले. आणि गर्दीच्या दिवशी एका मुलीने एका वेळी चार गिऱ्हाइके सांभाळायची, ही व्यवस्था तर मालकाने केलेली. मग हयगय कोणाची धरायची?

आता हजरत उमर फारूक (रजि.) यांची एक गोष्ट सांगतो. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये ती आलेली आहे. हातिब नावाच्या एका गृहस्थाच्या गुलामांनी मुझैना कबिल्यातल्या माणसाचा उंट चोरला आणि कापून खाल्ला. खटला हजरत उमरांपुढे आला. आधी त्यांनी शिक्षेचा हुकूम दिला. मग थांबले. त्यांचे लक्ष मालकाकडे गेले. तू यांना उपाशी ठेवतोस असे मला दिसते, अशा अर्थाचे ते हातिबला बोलले. उंटाच्या धन्याला किंमत विचारली. चारशे दिरहमांनाही मी तो विकला नसता, असे तो म्हणाला. हातिबने त्याला आठशे द्यावेत, असा निकाल झाला. रकमेच्या दुपटीबद्दल पुढे मतभेद झाले. खुद्द इमाम मालिकांनीही दुप्पट भरपाईचा प्रघात मानला नाही, किमतीएवढीच मानली. पण निकालाची दिशा पाहा. चोरी सिद्ध झाली होती, चोर समोर उभे होते, तरी भरपाईचा बोजा खाली सरकू दिला नाही, वर सरकवला. हिजरी १८च्या दुष्काळात, म्हणजे इ. स. ६३९च्या सुमारास, त्यांनी चोरीची हद्द अमलात आणणे थांबवले होते, हेही आपण शाळेत नसले तरी मदरशात शिकतो.

ही गोष्ट आमच्या साडीच्या दुकानाला जशीच्या तशी लागू पडत नाही, हे मला कळते. तो मालक स्वतःच लुटला गेलेला आहे. त्याने कोणाला चोरी करायला भाग पाडले नाही. भाडे, वीज, बँकेचा हप्ता आणि वर ऑनलाइन खरेदीचा मार, हे सगळे त्याच्या डोक्यावर आहे. दुकानदार म्हणजे शोषकच असे म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. आपल्यातही बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार पिढ्यान् पिढ्या दुकानदारीच करत आले. गल्ल्यावर बसणाऱ्याची रात्रीची झोप कशाने उडते हे आपल्याला घरचे माहीत आहे. पण लुटला गेलेला माणूस आपले नुकसान भरून काढायला जेव्हा आपल्यापेक्षा दुबळ्याचा खिसा शोधतो, तेव्हा त्या नुकसानाचे नाव बदलते. पहिल्यांदा माल गेला तेव्हा ती चोरी होती. त्या मुलींच्या पाकिटातून नोटा गेल्या तेव्हा तिला काय म्हणायचे, हे ठरवायला मला फार विचार करावा लागला नाही.

मोठ्या दुकानांत हाच खेळ वेगळ्या रीतीने चालतो. तिथे माल फळीवर उघडा असतो, गिऱ्हाईक स्वतः उचलते. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी सत्तरच्या दशकात वारणा बाजार उभा केला, तेव्हा एकाच छताखाली सगळे मिळणारे दुकान आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यांना नवलाचे वाटले होते. आता असे बाजार गल्लोगल्ली आहेत. या मांडणीत माणसे कमी लागतात, म्हणून ती स्वस्त पडते. आणि माणसे कमी असतात, म्हणूनच तिथे चोरी सोपी असते. वाचलेला पगार नफ्यात जमा होतो आणि वाढलेली तूट किमतीत मिसळते.

'कंपनीचं काय जातंय?' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यात शिकलेलेही असतात. यावर मला आपल्याकडची हुकूकुल इबादची कल्पना आठवते. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबा करता येते. माणसाचा हक्क मारला तर आधी त्या माणसाकडे जाऊन तो परत करावा लागतो, त्याची माफी मागावी लागते. एका किराणा दुकानदाराचे काही उचलले असेल तर त्याच्या दारात जाता येईल. मोठ्या बाजारातून उचलले असेल तर कोणाच्या दारात जाणार? ती तूट रुपया-दोन रुपयांनी वाटली गेली. कुणा म्हातारीच्या चहापत्तीच्या पुड्यात, कुणा हमालाच्या साबणाच्या वडीत. त्या हजार माणसांची नावेही कळणार नाहीत. ज्याला आपण बिनचेहऱ्याची, म्हणून बिनपापाची चोरी समजतो, तिची माफी मागणे सर्वांत अवघड!

पण संघटित चोरीची भीती ही वस्तूसुद्धा बाजारात विकली जाते, याकडे डोळेझाक करून चालणार नाही. अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या नॅशनल रिटेल फेडरेशन या संघटनेने २०२३ साली एका अहवालात म्हटले, की २०२१ मधल्या साडेचौऱ्याण्णव अब्ज डॉलरच्या तुटीपैकी जवळपास निम्मी तूट संघटित टोळ्यांमुळे झाली. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. त्याच वर्षी डिसेंबरात संघटनेला हा दावा मागे घ्यावा लागला, कारण आकड्याला आधारच सापडेना. तूट ही नुसत्या चोरीची नसते. हिशेबाची चूक, फुटलेला माल, पुरवठादाराने कमी पाठवलेला माल, आतल्याच कुणी मारलेला हात, असे सगळे तिच्यात असते. सगळे टोळीच्या नावावर टाकले की व्यवस्थापकाची मान सुटते. याच्या उलट स्कॉटलंडमध्ये २०२१ साली कायदा झाला, तो दुकानातल्या कामगारांच्या अंगावर हात टाकणाऱ्यांविरुद्ध. मालाआधी तिथल्या विधिमंडळाला काउंटरमागचा माणूस दिसला. आमच्याकडे मात्र त्या माणसाने चोराच्या मागे धावायचे, शिव्या खायच्या, वेळ पडली तर मारही खायचा, आणि महिनाअखेरीस चोरीचे पैसेही भरायचे.

आता संशयाबद्दल. हा विषय आपल्या वाचकांना जरा झोंबेल.

चोऱ्या वाढल्या की नजर बदलते. दुकानात शिरणाऱ्याच्या कपड्यांवरून, बोलीवरून, जातीवरून अंदाज बांधले जातात. बुरखा घातलेल्या बाईच्या मागे एक मुलगी ठेवायची, हा अलिखित नियम काही दुकानांत असतो, हे तिथे काम करणाऱ्या आपल्याच मुली सांगतात. आणि त्या बाईच्या मागे उभे राहण्याचे काम अनेकदा त्यांनाच मिळते. 'तुमच्यातल्या तुम्हाला कळतात,' असे म्हणून! सूरह हुजुरातमध्ये संशय आणि पाळत या दोहोंपासून दूर राहण्याचा आदेश आहे, हे आपण लगेच सांगू. पण सराफाच्या दुकानात चेहरा उघडा ठेवा अशी विनंती झाली तर मला ती अपमानाची वाटत नाही; अट एवढीच, की तोंडाला रुमाल बांधलेल्या आणि हेल्मेट घातलेल्या तरुणालाही तीच विनंती, त्याच शब्दांत व्हावी. नियम सगळ्यांना असेल तर तो नियम. एकालाच असेल तर ती हजेरी.

'हजेरी' हा शब्द मी मुद्दाम वापरला. कोल्हापूरच्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागू नये, पण नव्या पिढीसाठी सांगतो. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती जन्मानेच चोर ठरवल्या. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. संस्थानी मुलुखातही मांग, रामोशी, बेरड अशा जातींच्या माणसांना रोज गावकामगारापुढे जाऊन हजेरी द्यावी लागे. चोरी कुठेही होवो, पहिला संशय त्यांच्यावर. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात ही हजेरी बंद केली. ज्या फासेपारध्यांच्या नावाने लोक दारे लावून घेत, त्यांना महाराजांनी राखणदारीची कामे दिली. बाकीच्या देशात तो कायदा जायला १९५२ साल उजाडले.

महाराज भाबडे नव्हते. राज्य चालवणारा, १८९५ साली शाहूपुरीसारखी व्यापारी पेठ वसवणारा माणूस, त्याला चोरीने बाजाराचे काय होते हे चांगले कळत होते. पण ज्याने चोरी केली त्याला पकडायचे आणि त्याच्यासारखा दिसणारा गाव मोकळा सोडायचा, हा विवेक त्यांच्यापाशी होता. ज्या वाटेने उपाशी माणूस चोरीकडे जातो तिथे त्यांनी काम आणि भाकरी नेऊन ठेवली. ज्या राजाने १९०६ साली आपल्या मुलांसाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली, त्याचीच ही दुसरी बाजू आहे. आपण पहिली आठवतो, दुसरी विसरतो. ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात काही पोरांच्या मोबाइलवरच्या मजकुराचा जाब विचारायला जमाव निघाला, तेव्हा ज्यांचा त्या पोरांशी काडीचा संबंध नव्हता अशांच्या दुकानांवर दगड पडले. त्या दिवशी आपल्याला हजेरीचा अर्थ कळला होता. पण आपल्याच गल्लीत पारधी समाजाची बाई वस्तू विकायला आली की आपल्या घरातले 'चपला आत घ्या' म्हणतात, तेव्हा तो अर्थ कुठे जातो?

आणि शेवटी आपण, गिऱ्हाईक.

ही साखळी उचलणाऱ्याच्या जोरावर चालत नाही, घेणाऱ्याच्या जोरावर चालते. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणे हा गुन्हा आहे; ठाऊक नसले तरी शंका यायला कारण असेल तर तोही गुन्हाच. जुन्या दंड संहितेत ४११वे कलम होते, आता न्याय संहितेत ३१७वे. पण कायद्याच्या आधीच 'एवढं स्वस्त कसं?' हा प्रश्न मनात उठलेला असतो. तो आपण दाबतो. इमाम अबू हनीफांबद्दल एक गोष्ट सांगतात. कूफ्यात चोरीची एक बकरी कळपांत मिसळली असे त्यांना कळले. बकरी किती वर्षे जगते, असे त्यांनी विचारले. सात वर्षे, असे उत्तर आले. सात वर्षे त्यांनी बकरीचे मांस खाल्ले नाही. खरी-खोटी अल्लाह जाणे. आपल्याकडून तेवढे होणार नाही. पण सीलबंद तुपाचा डबा निम्म्या किमतीत दारावर आला तर बिल मागायला सात वर्षे लागत नाहीत.

हे लिहिताना माझ्याच कपाटातला एक मोबाइल मला दिसतो आहे. धाकट्याने हट्ट धरला, ओळखीतल्या एका पोराने आणून दिला, किंमत बाजाराच्या एक-तृतीयांश. खोका नव्हता, बिल नव्हते. 'दुबईवरनं आलाय' म्हणाला. मी विचारले नाही, कारण उत्तर काय येईल याची भीती होती. सीलबंद खोक्यावर मी हलालचा शिक्का शोधतो, आणि ज्या पैशाने किंवा ज्या मार्गाने ते घरात आले त्याची चौकशी करत नाही. माझ्यासारखे पुष्कळ असावेत.

मापात मारणारे, मुदत संपलेल्या मालावर नवी चिठ्ठी डकवणारे, खोटी चप्पल 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून परगावच्या माणसाच्या पायात घालणारे, यांच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. सूरह मुतफ्फिफीन त्यांच्यावरच उतरली आहे. २०२५ साली प्रादा या इटलीतल्या कंपनीने आमच्या चपलेसारखी चप्पल मिलानमध्ये मिरवली, तेव्हा सगळे शहर 'चोरी, चोरी' म्हणून उठले. ते योग्यच होते. पण भौगोलिक मानांकन २०१९ सालीच मिळालेले असताना, आपल्याच शहरात यंत्रावरचा माल कारागिरांच्या नावाने विकला जातो आणि आपण गप्प असतो, हेही खरे.

ईदच्या आधी दोन दिवस मी त्या मालकाकडे गेलो. मुलीच्या आईला बरोबर घेतले नाही, तिला उगाच अवघडल्यासारखे झाले असते. मालक भला माणूस. चहा मागवला. माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "सर, तुमचं पटतंय. पण एकदा सोडलं की उद्या कोण लक्ष ठेवणार? भीती पायजे की." मी म्हणालो, भीती हवी असेल तर चोराला वाटू द्या, मुलींना लक्ष ठेवायला सवड द्या. सणाच्या दिवसांत आणखी दोन पोरी घ्या, एका वेळी पाचच साड्या गादीवर येऊ द्या, पोलिसांत तक्रार द्या. तक्रार त्याने दिलीच नव्हती. कोर्टकचेरी कोण करत बसणार, असे त्याचे म्हणणे. म्हणजे चोरांच्या मागे जाणे महाग पडत होते, मुली हाताशी होत्या.

त्याने गल्ला उघडून तीन मुलींचे पहिल्या हप्त्याचे बाराशे-बाराशे मोजले. दुसरा हप्ता कापणार नाही म्हणाला. पुढच्या वेळी काय करणार, यावर त्याने काही वचन दिले नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. पोलिसांत जायचे मात्र त्याच्या मनात भरलेले दिसले. कॅमेऱ्यातले चित्रण अजून आहे का, असे त्याने मुनीमाला विचारले.

संध्याकाळी इफ्तारच्या आधी मी ते बाराशे रुपये बाईंच्या घरी नेऊन दिले. त्यांनी नोटा मोजल्या नाहीत. आत गेल्या आणि एका वाटीत खजूर घेऊन आल्या. "हिच्या अब्बांच्या औषधाचं झालं बघा सर," म्हणाल्या. मुलगी अजून दुकानातच होती. चाँदरातीपर्यंत नऊऐवजी अकरापर्यंत थांबायला सांगितले होते. वाढीव तासांचे पैसे मिळणार का, हे मी मालकाला विचारायचे विसरलो होतो.